मी पाडलेला पाऊस

गोरख, परवा तुझी शोकसभा झाली. व्यासपीठामागे मोठा फ्लेक्स होता. त्यावर तुझा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, अंगावर शाल, चेहऱ्यावर दात काढायला बसवलेल्या माणसाची कळा, आणि खाली ठळक अक्षरांत 'पर्जन्यमहर्षी'. दोन मिनिटांचं मौन चाळीसेक सेकंदांत उरकलं. तू असतास तर घड्याळ काढून आयोजकांकडे उरलेला वेळ परत मागितला असतास. ज्यांनी तुला गेली कित्येक वर्षं एकाही कार्यक्रमाला बोलावलं नाही, त्यांतल्या एकानं डोळे पुसत सांगितलं, की सर निसर्गाशी बोलायचे. तू निसर्गाशी बोलल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तू नगरपालिकेशी बोलायचास, तेही लेखी.

मलाही बोलायला सांगितलं. मी चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा कंठ दाटून आला. तसं काही नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते त्या फ्लेक्सखाली उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं, आणि सगळ्यात आधी ते तुला सांगायला हवं होतं. पाच वर्षं हवं होतं. आता तू मध्ये तोंड न घालता ऐकून घेशील, ही सोय झाली आहे. अशी सोय मला नको होती.

तुझ्या घरामागच्या मोकळ्या जागेत तुझा तो पर्जन्यमापक होता. भोवती तारेचं कुंपण, जवळ झाड नाही, भिंत नाही. वहिनींनी तिथं तुळस लावू का विचारलं, तर तू नाही म्हणालास. "आज तुळस म्हनशील, उद्या शेवगा लावशील." रोज सकाळी साडेआठला तू त्यातल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचास, वाकून डोळा पाण्याच्या पातळीत आणायचास आणि वहीत आकडा लिहायचास. मिलिमीटर, आणि पुढं एक दशांश. पाऊस नसला तरी जायचं आणि शून्य लिहायचं. अठ्ठावीस पावसाळ्यांच्या अठ्ठावीस वह्या. तू बाहेरगावी असलास आणि नोंद दुसऱ्या कुणी घेतली, तर आकड्याशेजारी त्याचं आद्याक्षर. "आकडा म्हंजे साक्ष हाय, बे. साक्षीदाराचं नाव नको?"

नोंद झाली की ओट्यावर चहा आणि चहाबरोबर भांडण. तू भौतिकशास्त्र शिकवलंस, मी इतिहास. त्यामुळे तुझ्या मते मी आयुष्यभर ऐकीव माहितीवर पगार घेतला. माझ्या मते तू मेंढपाळाच्या घरात जन्मून मेंढरांऐवजी थेंब राखत बसलास. एवढं एकमेकांना सुनावून झालं की मगच आम्हाला चहा गोड लागायचा.

लोक तुला हवामान बदल न मानणारा म्हणत. ते खरं नव्हतं, आणि ते खोडून काढायचा कंटाळा तुला लवकर आला. पृथ्वी तापते आहे, हे तू माझ्यापेक्षा आधी सांगितलंस, फळ्यावर गणित करून. तुझं म्हणणं वेगळं होतं. सगळी पृथ्वी तापते हे सांगणं वेगळं, आणि त्यावरून आमच्या तालुक्यात ऑगस्टात काय होईल हे सांगणं वेगळं. पहिलं भौतिकशास्त्र आहे, दुसरं अजून तरी पंचांग आहे, असं तू भर परिषदेत म्हणालास. आणि पुढं जे म्हणालास ते समोर बसलेल्या साहेबांना फार लागलं. "पूर्वी तळं गाळानं भरलं की अधिकारी म्हणायचे, देवाची अवकृपा. आता म्हणतात, हवामान बदल. गाळ तोच आहे, साहेब."

त्याच्याही आधीची ती शपथ. आपण दोघंही नोकरीत होतो. वरून परिपत्रक आलं, की सर्व विद्यार्थी व शिक्षकांनी मैदानात उजवा हात पुढं करून हवामान रक्षणाची शपथ घ्यावी आणि फोटो पाठवावेत. सगळं कॉलेज उन्हात हात पुढं करून उभं होतं, जणू कुणी प्रसाद वाटणार आहे. तू हात खिशात घालून उभा.

"सर, हात पुढं करा, फोटो चाललाय," प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले.

"गुरुत्वाकर्षणाची मी कधी शपथ घेतली नाही," तू दबका आवाज न करता म्हणालास, "तरी पडायचं चुकलं नाही. माझ्या प्रयोगशाळेत तीन वर्षं सहायक नाही. त्याची शपथ कुणी घेणार आहे का?"

पोरं हसली. तुला कारणे दाखवा नोटीस आली. तिला तू अकरा पानी उत्तर दिलंस, सोबत दोन आलेख. ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. पण त्यानंतर कुठल्याही शपथेच्या दिवशी तुला आधीच रजा मंजूर होऊ लागली.

मग निवृत्तीनंतरचं ते यंत्र. एका गावात सरकारनं पाऊस मोजायचं स्वयंचलित यंत्र बसवलं, ते ग्रामपंचायतीच्या छतावर, पाण्याच्या टाकीला लागून. गावात पाऊस नाही, पिकं माना टाकतायत, आणि यंत्र सांगतंय पाऊस झाला. त्यामुळे गावाचा पीकविमा अडलेला. तू तिथं दोन दिवस जाऊन बसलास आणि पाहिलंस, की पंप सुरू राहिला की टाकी भरून सांडते आणि पाणी यंत्रावर पडतं. तू ते लिहिलंस, फोटोसकट. गावानं तुला डोक्यावर घेतलं. तिथल्या सत्कारात तू एवढंच बोललास: "यंत्राला दोष देऊ नका. त्याला पाणी कळतं, ते कुठून आलं हे कळत नाही. ते विचारायला माणूस लागतो."

मी पहिल्या रांगेत बसून जोरात टाळ्या वाजवल्या. पुढं आपल्या हातून काय होणार आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ज्या साली वहिनींचं हृदयाचं ऑपरेशन झालं, त्या सालचं आता सांगतो. जुलै संपता संपता तू त्यांना घेऊन पुण्याला गेलास. आठ दिवसांत येऊ म्हणालास. जाताना मला वही दिलीस, मोजपात्र कसं धरायचं ते दाखवलंस, इतिहासवाल्यांचा भरवसा नाही म्हणून दुसऱ्यांदा दाखवलंस. ऑपरेशन झालं, मग जखमेत पू झाला, मग ताप, मग आणखी काहीतरी. आठ दिवसांचे सहा आठवडे झाले.

तू रोज पावणेनऊला फोन करायचास. आधी वहिनींचं सांगायचास, दोन वाक्यांत. मग विचारायचास, "किती?"

मी मोजपात्र हातात घेऊन उभा असायचो. "शून्य."

"बरं."

दुसऱ्या दिवशी, "किती?" "शून्य." "बरं." ऑगस्ट कोरडा चालला होता. आभाळ भरून यायचं आणि आपल्याला नुसतं बघून पुढं जायचं. मी रोज सकाळी दोन गल्ल्या ओलांडून तुझ्या परसात यायचो, कोरडी ठणठणीत बाटली उघडायचो आणि तुला शून्य सांगायचो. नवव्या-दहाव्या दिवसापासून तुझं 'बरं' इतकं बारीक होत गेलं, की फोन कटला की काय असं वाटायचं.

मग एका सकाळी तू म्हणालास, "तिला परत मशीनवर घेतलंय. श्वास घेता येत न्हाई." एरवी तू पुण्यात प्रमाण भाषेत बोलायचास. त्या दिवशी थेट तुमच्या गावची भाषा आली. फोनवर तुझ्या मागं कुणीतरी कुणाचंतरी नाव पुकारत होतं. मग तू विचारलंस, "किती रे?"

आणि मी म्हणालो, "बारा."

"बारा?" तुझा आवाज एकदम वर आला. "वा! बारा? कधी लागला?"

"पहाटे."

"वा रे वा. सांगतो तिला. ऐकू येत न्हाई म्हन्तेत डॉक्टर, तरी सांगतो."

गोरख, माझ्या हातातलं मोजपात्र कोरडं होतं. त्याच्या तळाला एक मुंगी फिरत होती.

त्यानंतर मला थांबता आलं नाही. दर तीन-चार दिवसांनी मी तुला पाऊस द्यायला लागलो. कधी आठ, कधी पंधरा, एकदा दहा. अती द्यायचो नाही, तुला संशय येईल म्हणून. आपल्याकडं ढगांवर मीठ फवारायला विमान आलं होतं, त्याची तू केवढी टवाळी केली होतीस. मी त्या विमानापेक्षा जास्त पाऊस पाडला, आणि तोही जागेवरून न हलता. तू परत येऊन वही बघशील, म्हणून जे फोनवर सांगितलं तेच वहीत लिहिलं आणि शेजारी नियमाप्रमाणे माझं आद्याक्षर, 'शं.'

वहिनी बऱ्या झाल्या. तुम्ही सप्टेंबरात परत आलात, आणि तुम्ही यायच्या आठवड्यात खरोखरचा पाऊस सुरू झाला. तू आलास तेव्हा सगळं हिरवं होतं. आभाळानंही माझीच बाजू घेतली. लोक म्हणत होते, ऑगस्ट कोरडा गेला, मूग गेला, गवत उगवलंच नाही. तू वही पुढं करायचास. "माणसाची आठवण हे उपकरण नव्हे." हे वाक्य तू मला शंभरदा ऐकवलं होतंस. पावसाची रीतच बदलली आहे, एका दिवसात ओततो आणि महिनाभर गायब होतो, तुझी बेरीज तीच राहिली म्हणून काय उपयोग, असं मी भांडायचो तेव्हाही तू हेच म्हणायचास. आता तू माझ्याच आकड्यांनी मला गप्प करत होतास. मी माझ्याच थापेशी वाद घालत होतो आणि रोज सकाळी हरत होतो.

दिवाळीनंतर वर्तमानपत्रात तुझा लेख आला, 'आभाळाची बदनामी'. तुझ्या सगळ्या लिखाणात तो सर्वांत चांगला होता, हीच अडचण आहे. त्यात तू म्हटलं होतंस, की ज्या साली सगळे हवामान बदलाच्या नावानं रडतायत, त्या साली माझ्या भांड्यात नेहमीएवढा पाऊस पडला आहे. कमी पडलं ते आभाळ नव्हे, जमीन कमी पडली. तळ्यांतला गाळ, विकली गेलेली गायरानं, उसानं प्यालेलं पाणी, हे सगळं तू नाव न घेता पण पत्त्यासकट लिहिलंस. आणि शेवटी एक ओळ: 'माझे मित्र शंकरराव यांनी माझ्या गैरहजेरीत नियमितपणे नोंदी घेतल्या, त्यांचा मी ऋणी आहे.'

मी त्याच संध्याकाळी सांगायला आलो होतो. खरंच आलो होतो. तू ओट्यावर बसला होतास, वहिनी शेजारी खुर्चीत, अंगावर शाल. त्या लेख मोठ्यानं वाचत होत्या आणि तू प्रत्येक परिच्छेदाला, जणू दुसऱ्या कुणी लिहिलाय, असं "छान लिवलंय" म्हणत होतास. चार महिन्यांत पहिल्यांदा तुला हसताना पाहत होतो. मी चहा पिऊन परत गेलो.

आणखी एक गोष्ट तुझ्या हयातीत बोलायला हवी होती, तीही बोलून टाकतो. माझी थाप बाजूला ठेव. एका परसातल्या एका भांड्यावरून तू अख्ख्या जिल्ह्याबद्दल बोललास. तुझ्या विद्यार्थ्यानं हे केलं असतं तर तू त्याला वर्गाबाहेर काढलं असतंस. तुला राग होता आणि राग बरोबर होता. म्हणून तू आकड्याला त्याच्या ताकदीबाहेर धावायला लावलंस. मी हे त्या संध्याकाळी म्हणालो असतो, पण माझ्या तोंडाला तो अधिकार राहिला नव्हता.

त्या हिवाळ्यात पाटोद्याकडचे मेंढपाळ चारा छावणी मागायला तहसील कचेरीत गेले. गवत संपलं होतं. त्यांत तुझे थोरले भाऊ, म्हाळूदादा. साहेबांनी टेबलावरून एक कात्रण उचललं आणि तुझ्या लेखाचा पहिला भाग मोठ्यानं वाचला. पाऊस नेहमीएवढा झाला आहे. पुढचा भाग, ज्यात ते टेबल आणि त्यामागची खुर्ची होती, तो त्यांनी वाचला नाही. "तुमचेच प्राध्यापक म्हणतात," साहेब म्हणाले. "तुमच्याच घरातले."

छावणी मिळाली नाही. संक्रांतीच्या आधी म्हाळूदादांनी कळप विकला. त्यांच्या घरात कधी कुणी ऊस तोडायला गेलं नव्हतं. त्या साली मुलगा आणि सून कारखान्याच्या टोळीत गेली. तू साहेबांना खरमरीत जाहीर पत्र लिहिलंस, की माझा लेख अर्धा वाचून तुम्ही त्याचा खून केला. ते वर्तमानपत्रानं छापलं नाही. हवामानवाले तुला सरकारचा माणूस म्हणायला लागले आणि सरकारनं तुला बोलावणं बंद केलं. दोन्हीकडून एकाच वेळी वाळीत पडण्याचा मान आपल्या तालुक्यात बहुधा तुलाच. तू म्हणायचास, "मरू दे बे. मापं बरोबर हायत ना?"

मी म्हणायचो, "हो."

हे 'हो' मी पाच वर्षं म्हणत राहिलो. आता तुझी तेराव्याची पंगतही उठली. वहिनींनी अठ्ठावीस वह्या माझ्या स्वाधीन केल्या. तुझ्या नावानं स्थापन झालेल्या समितीला त्यांचं पुस्तक काढायचं आहे, रंगीत मुखपृष्ठ आणि मंत्र्यांची प्रस्तावना. आणि उमापूरची अश्विनी नावाची एक मुलगी आहे, पावसाच्या जुन्या नोंदींवर पीएचडी करते. समितीनं तिलाच संपादनाला बसवलं. ती माझ्या घरी येऊन वह्या संगणकात उतरवून घेत होती. तुला ती आवडली असती. कुणाच्या पाया पडत नाही आणि कुणाचा आकडा सोडत नाही.

"सर," ती म्हणाली, "हे 'शं.' कोण?"

"मी."

"एक विचारू? बाकी सगळ्या वह्यांत दशांश आहेत. अकरा पॉइंट चार, सात पॉइंट दोन. तुम्ही ऑगस्टात घेतलेल्या नोंदी तेवढ्या पूर्णांकात आहेत. बारा, आठ, पंधरा, दहा. तेव्हा तुमचं मोजपात्र वेगळं होतं का?"

किती आदरानं तिनं मला पळवाट काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर तिनं तसं टिपून घेतलं असतं.

"मोजपात्र तेच होतं," मी म्हणालो. "पाऊस नव्हता." आणि मग तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. वहीकडं बघत म्हणाली, "मग हे दिवस काढावे लागतील, सर. आणि का काढले ते लिहावं लागेल."

"लिही. नावासकट लिही."

ती गेली आणि मी त्या पानापाशी बसून राहिलो. मला दशांश सुचलेच नव्हते, गोरख. थाप मारणारा माणूस पूर्णांकात मारतो, हे तुम्हा लोकांना ठाऊक असतं म्हणे. मग मला नवीनच भीती वाटली. तू या पानावरून किती वेळा गेला असशील! पोराच्या जर्नलमध्ये एक दशांश चिन्ह हुकलं तर तू पूर्ण प्रयोग परत करायला लावायचास. तुला ते दिसलं नाही? पुण्याहून आलेला थकलेला माणूस, बायको मरता मरता वाचलेली, नसेल दिसलं. किंवा दिसलं असेल, आणि माझी लाज झाकायला तू गप्प बसलास. किंवा दिसलं, आणि आकडे तुझ्या सोयीचे होते म्हणून गप्प बसलास. यातलं पहिलं खरं असेल तर मी तुला फसवलं. दुसरं खरं असेल तर आपल्या मैत्रीनं दादांची मेंढरं खाल्ली. तिसऱ्याबद्दल लिहिताना माझा हात अडतो. पण तू अडला नसतास, म्हणून लिहिलं.

वहिनींना सांगितलं. त्या ऐकत होत्या, हातातली भाजी निवडायची थांबली नाही. मी म्हणालो, त्या दिवसांत गोरखचा आवाज ऐकवत नव्हता हो, तुमच्यासाठी खोटं बोललो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मी कुठं मागितला होता पाऊस?"

मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हाळूदादांना जाऊन सांगा. हे छापून यायच्या आधी. यांनी दोनदा जाऊन पाहिलं, ते भेटले नाहीत. भावानं साहेबासाठी खोटं लिहिलं, असं त्यांच्या मनात आहे."

परवा शोकसभा उरकली आणि काल मी बीडला गाडी बदलून तुमच्या गावी गेलो. दादा दारात बाजेवर बसले होते. शेळ्या दोन, त्याही बांधलेल्या. तुझ्या मातीला ते आले होते, पण लांब बाभळीखाली उभे राहून परत गेले होते, हे मी पाहिलं होतं.

"कावून आलात, मास्तर?" ते म्हणाले. "त्यो तर गेला."

मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो. त्यांनी मध्येच बसा म्हणून खूण केली. बसून सगळं सांगितलं. बाटली कोरडी होती, मी बारा सांगितले, मी लिहिले, त्यानं खरे धरले. दादा जमिनीकडं बघत होते.

"म्हंजी त्यो खोटं न्हाई बोलला?"

"नाही. मी बोललो."

"मी त्येला दोनदा दारातून परत धाडला. रानात हाय म्हनून सांगा म्हनलं. घरातच व्हतो." त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "त्येला लहानपनी खांद्यावर घेऊन साळंला गेलतो मी. नाल्याला पानी असायचं."

मग त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "पर येक सांगा, मास्तर. पोरांच्या वहीतली बारकी चूक धरायचा त्यो. तुमची येवढी मोठी थाप त्येला दिसली न्हाई व्हय?"

एसटीत मी या प्रश्नाचं उत्तर ठरवून ठेवलं होतं. नाही दिसली, दादा, एवढं म्हणायचं होतं. म्हणालो असतो तर त्यांना त्यांचा भाऊ धुतल्या तांदळासारखा परत मिळाला असता. ते त्याचसाठी थांबले होते, दिसत होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "दिसली असेल, नसेल. मी कधी विचारलं नाही."

मला वाटलं, आता ऊठ म्हणतील. त्यांनी आत बघून सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा आला, पिऊन झाला.

"ती वही छापनार म्हन्ता?"

"हो. ते दिवस गाळून. का गाळले ते माझ्या नावानं लिहून."

"मंग त्येच्यात आमची मेंढरं बी लिवा."

"किती होती?" मी खिशातून पेन काढलं.

दादा हसले. तुझ्यासारखेच हसतात, आवाज न करता, नुसते खांदे हलतात. "मेंढरं मोजून सांगत नसत्यात, मास्तर. नजर लागती. आमच्या बापानं कुनाला आकडा सांगितला न्हाई, मी बी न्हाई. छावनी मागाय गेलतो तवा त्या सायबानं कागद काढून इचारलं, किती हायत? मी निम्मीच सांगितली. सायब म्हनला, येवढ्याशा मेंढरांला कशाला छावनी?" त्यांनी हात झटकला. "म्या बी चुकीचाच आकडा दिला की. तुमी जास्तीचा दिला, मी कमी. आता सांगाय काय जातंय. येक बी ऱ्हायलं न्हाई. घ्या लिवून."

ते एकदम आकडा सांगेनात. आधी दुभत्या सांगितल्या, रंगावरून आणि कानांवरून. मग नर. मग त्या साली जन्मलेली कोकरं. मध्येच थांबून म्हणाले, येक पायानं अधू व्हती, ती बी धरा. मी तुझ्या नियमानं प्रत्येक ओळीशेजारी साक्षीदाराचं आद्याक्षर घातलं.

ती यादी मी काल रात्री आल्यावर अश्विनीला पाठवली. त्या सालच्या तुझ्या बेरजेखाली ती छापली जाणार आहे. मिलिमीटरच्या वहीत मेंढरं घातलेली तुला चालणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. हरकत असेल तर ये, आणि भांड.